तारीखबाईंचा एरिया

आमच्या कंपनीने यंदा गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक छापलं. परदेशातून जहाजाने येणाऱ्या बिअरचा खप आपल्याकडे कसा वाढत गेला, त्याची ती कौतुककथा. पान तीनवर साहेबांचा फोटो, पान पाचवर दिवे लावलेल्या काचेच्या कपाटाचा फोटो, आणि मधल्या दोन पानांवर पसरलेली, वर वर चढत गेलेली एक लाल रेघ. ही रेघ ज्या एरियात सगळ्यात जास्त चढली, तो एरिया अकरा वर्षं एका बाईंनी सांभाळला. त्यांच्याबद्दल सबंध पुस्तकात एक ओळ नाही. म्हणून मी लिहायला बसलोय. मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. मला लिहिता येतं की नाही, हे साहेबांनी ठरवायचं कारण नाही.

दुकानदार त्यांना तोंडावर 'ताई' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'तारीखबाई'. बाईंना दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडायचं, असा माझा संशय आहे. दुकानात शिरल्या की चहा नाही, पाणी नाही, थेट फ्रिज उघडायचा. बाटली मानेला धरून उजेडाकडे करायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मानेवर बारीक छापलेले आकडे वाचायचे. बाटली जुनी निघाली की अख्खा क्रेट बाहेर. दुकानदार गयावया करायचा, "ताई, राहू द्या हो, खपून जाईल." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "खपेल हो. पण मी इथे खपवायला येत नाही, विकायला येते."

उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पण भरलेला क्रेट स्वतः उचलायच्या. मी हात लावायला गेलो की म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही गाडी बघा." पहिल्या वर्षी मला त्यांचा भयंकर राग यायचा. दुसऱ्या एरियातले सेल्समन एका दुकानात दहा मिनिटं थांबत, माल टाकत आणि पुढे जात. आमच्या बाई चाळीस मिनिटं लावायच्या. माझा डबा रोज गार व्हायचा आणि घरी बायको विचारायची, कंपनीत नोकरी करता की तपासनीस म्हणून लागलात?

बाईंचं मूळ दुधाचं. वडिलांचं दूध केंद्र होतं आणि दहा वर्षांच्या असल्यापासून त्या कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर सांगायच्या, हे तासाभरात जाणार, हे टिकणार. वडील म्हणायचे, पोरीचं नाक केंद्राच्या नावावर करून ठेवायला पाहिजे. पुढे केंद्र बंद पडलं, लग्न झालं, नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा, सरळ माणूस. नोकरी शोधता शोधता बाई येऊन पडल्या त्या बिअरच्या कंपनीत. गंमत म्हणजे बिअरचा थेंब त्यांनी आयुष्यात जिभेवर घेतलेला नाही. सासूबाई तर नातेवाइकांना वर्षानुवर्षं सांगत होत्या, सूनबाई थंड पेयांच्या कंपनीत आहे. आणि त्यात खोटं काहीच नाही, बिअर थंडच पितात.

आता त्या बिअरबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाटली हिरव्या काचेची, दिसायला देखणी. लोक नाव घेतच नाहीत, नुसतं 'एक हिरवी द्या' म्हणतात. पहिल्यांदा आली तेव्हा दुकानदारांना तिचं एवढं अप्रूप, की प्रत्येकाने ती उचलून दर्शनी खिडकीत मांडली. सकाळचं ऊन त्या हिरव्या काचेतून आत आलं की अख्खं दुकान उजळायचं. ह्याच्या खिडकीत दहा, म्हणून शेजारच्याने पंधरा लावल्या. आपल्याकडे परदेशी माल येतो, हे रस्त्याला कळायला नको का?

पण हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअर बिघडते. महिने लागत नाहीत, एक दुपार पुरते. जळक्या रबराचा आणि ओल्या मांजराचा मिळून एक वास सुटतो. आता दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी बाटली परत केली असती. आमच्या लोकांनी काय केलं? सगळ्यांनाच तशी मिळाली, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की परदेशी बिअरचा वास असाच असतो. नुसतं एवढ्यावर थांबले नाहीत. बाटली उघडली की आधी नाकाशी धरायची, वास आला की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हं. ओरिजनल." वास नाही आला तर माल डुप्लिकेट. नवऱ्या मुलाला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर एका गृहस्थाने मुद्दाम हिरवी उघडून तो वास सगळ्यांना दिला होता, हे मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय. अभिमानाने सांगत होते.

बाईंनी पहिल्याच दिवशी एका दुकानात उघडी बाटली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "हे नासलंय."

दुकान म्हणजे बस डेपोच्या कोपऱ्यावरचा बार, आणि समोर उभा त्याचा मालक. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो इतका किडकिडीत होता की दुसरं काही म्हणणं क्रूरपणा झाला असता. तो हसला. "ताई, तुम्ही घेत नाही ना? मग राहू द्या. परदेशी चव कळायला जीभ तयार व्हावी लागते."

"चवीचं मला कळत नाही," बाई म्हणाल्या, "पण नासणं कळतं."

त्यांनी एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या काढल्या. एक पैलवानाच्या खिडकीत ठेवली, दुसरी काउंटरखाली अंधारात, ओलं फडकं गुंडाळून. आम्ही पुढची दुकानं करून दुपारी तीनला परत आलो. दोन्ही बाटल्या थंड केल्या, दोन ग्लासांत ओतल्या आणि बाईंनी पैलवानाला डोळे मिटायला लावले. त्याने एक ग्लास हुंगला, मग दुसरा. मग परत पहिला. शेवटी डोळे उघडून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही ऊन पीत होतो?"

असं वाटेल की झालं, जिंकल्या. कसलं काय. पैलवानाने खिडकी रिकामी केली, ताजा माल अंधारात ठेवला आणि आठवड्याभरात त्याची गिऱ्हाइकं भांडायला आली. वास नाही म्हणजे माल बनावट, पैलवानाने पाणी घातलं, पैलवान बिघडला. शेजारच्या बारमध्ये जाऊन लोक नासकी प्यायला लागले. बाईंच्या एरियाचा खप निम्म्यावर आला. साहेबांनी बोलावून घेतलं. दाराबाहेर मी चावी फिरवत उभा होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, लोकांना जे आवडतं ते द्यायला आपल्याला काय होतंय?"

"त्यांना आवडत नाही साहेब. त्यांनी दुसरं कधी प्यायलेलंच नाही."

"तुम्हाला सहा महिने देतो."

सहा महिने बाईंनी एकेका दुकानात दोन-दोन बाटल्यांचा तो खेळ केला. चाळीस-एकेचाळीस दुकानं. आधी मालकाला, मग त्याच्या वेटरला, मग काउंटरवर टेकलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला. शिव्या खाल्ल्या. एका म्हाताऱ्याने तर सांगितलं, "बाई, तुम्ही घरी जाऊन चुलीपाशी नाक खुपसा." बाईंनी त्याच्यासमोर दोन ग्लास ठेवले आणि म्हणाल्या, "जाते. आधी सांगा, यातला कुठला सुनेच्या वडिलांना द्याल?" म्हाताऱ्याने दोन्ही हुंगले आणि गुपचूप डावा उचलला. डावा ताजा होता. दुसऱ्या दिवसापासून तोच अख्ख्या गल्लीत सांगत फिरला की खरी हिरवी कशी ओळखायची.

पाचव्या महिन्यात खप होता तिथे आला. पहिल्या वर्षी आमची आठवड्याला एक खेप व्हायची, तिसऱ्या वर्षी तीन व्हायला लागल्या. एकदा ताजं प्यायलेला माणूस एकावर थांबत नव्हता, हे साधं कारण. दुसऱ्या एरियांत खिडक्या तशाच चमकत होत्या आणि खप जागच्या जागी होता. साहेबांच्या खोलीतल्या तक्त्यावर आमची रेघ एकटीच वर निघाली. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे आणि म्हणायचे, "जाहिरातीचा परिणाम." जाहिरात कसली, तर डेपोसमोर लावलेला एक फलक, आणि तोही पहिल्याच वादळात अर्धा उडाला होता.

अकराव्या वर्षी गोदामात काचेची कपाटं आली. माणसाएवढी उंच, आत पाच फळ्या, प्रत्येक फळीवर पांढरे झगझगीत दिवे. साहेबांची कल्पना. प्रत्येक दुकानात दर्शनी एक कपाट, त्यात हिरव्या बाटल्या ओळीने, दिवे दिवसभर चालू. परदेशातून कंपनीचे मोठे पाहुणे येणार होते आणि ज्या एरियात खप सगळ्यात जास्त, तिथेच त्यांना फिरवायचं होतं. म्हणजे बाईंच्या.

बाईंनी कपाटाला हात लावून बघितला. काच गरम होती.

"साहेब, ही माझ्या दुकानांत नको."

"का?"

"खिडकी बंद करायला मला सहा महिने लागले. तुम्ही खिडकीच कपाटात घालून आणलीत."

साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं: बुधवारी पाहुणे येणार. तोपर्यंत कपाटं लागली तर एरिया बाईंचा. नाही लागली तर एरिया दुसऱ्याला, आणि बाईंनी ऑफिसात बसून पत्रांवर शिक्के मारायचे, नाहीतर राजीनामा द्यायचा. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मला वाटतं चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी बाईंना घरी सोडलं तेव्हा सासूबाईंनी चहाला बसवून घेतलं. छोटं, स्वच्छ घर. भिंतीवर नवऱ्याने काढलेली फळांची चित्रं, टेबलावर तपासायचे कागद. बाईंनी घडलेलं सांगितलं. मी पण माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "बाई, कपाटच आहे. लावून टाका. पाहुणे गेले की प्लग काढू. एवढ्यासाठी एकेचाळीस दुकानं घालवता?"

"आणि ज्या दिवशी लावलं त्या दिवशी पैलवानाकडे बसलेल्याला काय देऊ?" बाई म्हणाल्या. "आज एक दिवस नासकं प्या, उद्या पाहुणे जाणार आहेत?"

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "हे म्हणजे नासलेलं दूध पाहुण्यांना देण्यासारखं का?"

"तसंच."

"मग नको लावू." आणि जरा थांबून म्हणाल्या, "नाहीतरी इतकी वर्षं मी सगळ्यांना थंड पेयं म्हणून सांगतेय. त्या दिव्याखाली ती थंड तरी कुठे राहतील?"

बुधवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन आम्ही पैलवानाच्या बारपाशी उतरलो, तर काउंटरशेजारी कपाट उभं. साहेबांनी आदल्या दिवशी गोदामातली माणसं पाठवून लावून घेतलं होतं. पैलवान बिचारा कोपऱ्यात हात बांधून उभा होता. बाईंकडे बघायचं टाळत होता. कपाटात तीस-चाळीस बाटल्या पाचूसारख्या चमकत होत्या. खोटं कशाला बोलू, दिसत छान होत्या.

पाहुणे पांढऱ्या केसांचे, प्रसन्न चेहऱ्याचे. ज्या कारखान्यात ही बिअर बनते तिथे चाळीस वर्षं काढलेले, असं साहेबांनी सांगितलं. बाईंचा चेहरा जरा उजळला. मला त्यांच्या मनातलं कळलं. बनवणारा माणूस आलाय. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी ह्याला कळेल. एक घोट, आणि हा साहेबांना सांगेल की हे काय चालवलंय तुम्ही.

पाहुण्यांनी कपाटातली बाटली काढली. पैलवानाने ती बर्फात घालून थंड केली, उघडली, ओतली. वास माझ्यापर्यंत आला. पाहुण्यांनी ग्लास नाकाशी धरला, एक मोठा घोट घेतला आणि म्हणाले, "उत्तम."

बाईंनी साहेबांना सांगितलं, "त्यांना विचारा, वास येतोय का."

साहेबांनी विचारलं. मी ह्या नोकरीआधी बरीच वर्षं बंदरावर गाडी चालवली आहे, त्यामुळे पाहुण्यांची भाषा मला कामापुरती कळते. पाहुणे मोकळेपणाने म्हणाले, हो, येतो की. उजेड लागला की येतोच. आमच्याकडेही कितीतरी लोक अशीच पितात आणि त्यांना तो वास म्हणजे आमची ओळख वाटते. तपकिरी बाटली केली तर प्रश्न मिटेल, पण हिरवी जास्त विकली जाते. मग त्यांनी खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त काही पडलेलं नव्हतं.

साहेबांनी हे सगळं बाईंना अगदी चवीचवीने सांगितलं. अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी ही बाई दुकानोदुकानी भांडली, ती गोष्ट बनवणाऱ्याला आधीपासून माहीत होती आणि चालत होती. मला त्या क्षणी बाईंकडे बघवेना. वाटलं, आता त्या बसतील. पैलवानाने खुर्चीसुद्धा पुढे केली.

बाई बसल्या नाहीत. त्या पाहुण्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू, स्पष्ट बोलल्या. "ह्यांना सांगा, बिअर तुमची असेल. तुम्ही ती उन्हात ठेवा, दिव्यात ठेवा, नाल्यात ओता. पण पिणारा माझा आहे. त्याला मी हे देणार नाही."

साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की मॅडमना आपली बिअर फार आवडते. पाहुण्यांनी हसून हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, नीट हलवला, मग वळून भिंतीपाशी गेल्या आणि कपाटाचा प्लग उपटला. त्यानंतर फळीवरच्या बाटल्या एकेक करून काढून क्रेटमध्ये भरायला लागल्या. कोणी अडवलं नाही. पाहुण्यांना बहुतेक हा आपल्याकडचा स्वागताचा प्रकार वाटला. दुसरा क्रेट भरल्यावर मी पुढे झालो आणि ह्या वेळी त्या 'गाडी बघा' म्हणाल्या नाहीत.

शनिवारपर्यंत एरिया सोडा, असा निरोप दुपारीच आला.

गुरुवारी सकाळी मला वाटलं होतं, बाई येणार नाहीत. नेहमीपेक्षा आधी आल्या. हातात एक फडकं आणि एक जाड काळा मार्कर. म्हणाल्या, "सगळी दुकानं करायची आहेत. दोन दिवसांत बसतील का?"

"माल कुठला भरू?"

"माल नको."

पहिल्या दुकानात त्यांनी फ्रिज उघडला, बाटल्या बघितल्याच नाहीत. दाराची आतली बाजू फडक्याने कोरडी केली आणि मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या. ते वाचलं आणि मी आधी मागे कोणी बघतंय का ते पाहिलं. मानेवरची ती अक्षर-आकड्यांची ओळ म्हणजे कंपनीची खूण. खोक्यावर तारीख असते, पण खोकं फाडलं की ती कचऱ्यात जाते. बाटलीवर उरते फक्त खूण. ती कशी वाचायची हे कंपनीच्या माणसांपलीकडे कोणाला सांगायचं नाही, असा कडक नियम. दुकानदाराला वाचता आलं तर तो जुना माल घेईल कशाला? बाईंनी अकरा वर्षं तो नियम पाळला होता. आणि आता दारावर लिहीत होत्या: पहिलं अक्षर महिन्याचं, मग कुठलं अक्षर म्हणजे कुठला महिना त्याची बारा ओळींची यादी. पुढचे दोन आकडे दिवसाचे. शेवटचा आकडा वर्षाचा. सहा महिन्यांवरची घेऊ नका. उजेडात ठेवू नका.

"बाई, हे अंगाशी येईल," मी म्हटलं.

"मी तर चाललेच आहे. माझं काय अंगाशी येणार?"

पुढच्या दुकानाकडे जाताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणहून बोलल्या. "भाऊ, चूक माझीच आहे. ह्यांना मी पहिल्या वर्षीच शिकवायला हवं होतं. पण मला बरं वाटायचं हो. मी आत शिरले की सगळे गप्प व्हायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, तारीखबाई काय म्हणतात. त्या कौतुकापायी ह्यांना आंधळं ठेवलं मी." डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. पुढचं दुकान आलं तसा मार्कर घेऊन उतरल्या.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस फ्रिज झाले. प्रत्येक मालकाकडून त्यांनी एक बाटली वाचून घेतली. पैलवानाला तीनदा वाचायला लावली, कारण तो दर वेळी महिना चुकत होता.

पुढच्या आठवड्यात माझ्या शेजारी नवा सेल्समन बसला. कपड्यांना इस्त्री, बोलायला गोड. गाडीत गोदामात पडून राहिलेल्या ढिगातला माल भरलेला, साहेबांना आधी तोच खपवायचा होता. पैलवानाने क्रेटमधली बाटली उचलली, मानेला धरून उजेडाकडे केली, मग फ्रिज उघडून दाराकडे बघत बोटांवर महिने मोजले. "ही आठ महिन्यांची. परत न्या." पुढच्या दुकानात म्हाताऱ्या मालकिणीने भिंग काढलं. त्याच्या पुढच्यात तर वेटरच म्हणाला, "मालकांना कशाला विचारायचं, जुनी आहे." आठवडा संपेपर्यंत सव्वीस दुकानांनी माल परत केला आणि कपाट तर एकानेही घेतलं नाही.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर थिनरचा डबा आणि चिंध्यांचं गाठोडं.

"सगळे फ्रिज पुसून या. दोन दिवस देतो."

मी डबा उचलला. मी काही शूर माणूस नाही. दोन मुली शिकतायत, बायकोची आई आमच्याकडे असते. गाडीत बसून मी स्वतःला समजावलं की मी ड्रायव्हर, सांगितलं ते करायचं, लिहिणारीने लिहिलं, पुसायला सांगणाऱ्याने सांगितलं, यात माझा काय संबंध?

पैलवानाकडे गेलो. त्याने काही विचारलं नाही. चिंध्या बघितल्या, बाजूला झाला. मी फ्रिज उघडला. दहा दिवसांच्या गारव्याने अक्षरं खालून थोडी ओघळली होती. सहाव्या महिन्याची ओळ तर जवळजवळ पुसलीच गेली होती. मी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि हात दारापाशी नेला. नेला आणि तसाच धरून ठेवला. मागे दोन माणसं टेबलाशी हिरवी पीत बसली होती, आणि त्यांच्या ग्लासांतून कसलाही वास येत नव्हता.

डबा मी तिथेच मोरीत ओतला. समोरच्या दुकानातून मार्कर आणला आणि ओघळलेली अक्षरं गिरवायला घेतली. माझं अक्षर बाईंच्या अक्षरासारखं सुबक नाही, त्यामुळे हळूहळू गिरवलं. मग पुढचं दुकान. मग त्याच्या पुढचं. दोन दिवसांत एकेचाळीस फ्रिज झाले.

परत येताना एका दूध डेअरीवरून आलो. राजीनामा देऊन बाई आता तिथे कामाला आहेत. शीतगृह त्यांच्या ताब्यात आहे आणि तिथली माणसं त्यांना टरकून असतात. मी झालेलं सगळं सांगितलं. म्हटलं आता तरी शाबासकी मिळेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मार्कर कुठला वापरलात? ओलाव्याने जाणारा नाही ना?"

"पक्का आहे बाई."

"मग ठीक."

ऑफिसात शिरलो तेव्हा साहेब फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. बोटं काळी झाली होती.

"पुसलं सगळं?"

"नाही साहेब. गिरवलं."

गाडीची चावी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी त्या चावीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे, त्या लाल रेघेकडे. रेघ ज्या एरियाची, त्या एरियाची एकेचाळीस दुकानं उद्या सकाळी पुन्हा दार उघडणार होती.

"मग उद्या त्या लोकांना द्यायचं काय?" त्यांनी विचारलं.

"ताजं द्या," मी म्हटलं.